जुन्या जिप्सीत मोठं इंजिन? आधी एवढं करा

तुमची ९७० सीसीची मारुती जिप्सी घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढाला दम टाकते, म्हणून तुम्हाला १३०० सीसीचं इंजिन बसवायचंय, हे अगदी पटलं. फक्त इंजिन विकत घ्यायची घाई करू नका. नवखे तिथेच फसतात.

पहिलं काम आरटीओचं. गाडी एमएच-०४ असो की एमएच-४३, इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरी लागते. आधी काम, मग कागद असं केलंत तर आरसीवरचा इंजिन नंबर जुळणार नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो. कुठलं इंजिन चालेल, तेही तिथेच विचारून घ्या.

मग आहे त्या इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते मोजा. माझ्या गाडीत निम्मा दोष घसरणाऱ्या क्लचप्लेटचा आणि तुंबलेल्या कार्बोरेटरचा निघाला होता!

तरीही बदलायचंच असेल तर:

- इंजिन बिलासकट घ्या. नंबर खोडलेला असेल तर हात लावू नका.
- इंजिन एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं) असेल तर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), सेन्सर आणि अख्खं वायरिंग त्याच गाडीचं घ्या. कापलेल्या वायरिंगने माझे तीन महिने खाल्ले. प्रत्येक वायर मीटर लावून शोधत बसलो.
- खड्ड्यात पुढचा ॲक्सल वर उचलला गेला की तो इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला (ऑइल संप) लागणार नाही ना, ते मोजा.
- ब्रेक आणि रेडिएटरचे पैसे आधीच बाजूला काढा.

गिअर रेशो, टर्बो आत्ता डोक्यात घेऊ नका. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे कळवा, मग पुढचं बघू.