काजूबागेतील पिवळ्या मुंग्या : फोरेट नव्हे, आमिष

प्रश्न : काजूच्या खोडांवर लांब पायांच्या पिवळट मुंग्यांच्या रांगा लागल्या असून मोहोरावर पिठ्या ढेकूण वाढला आहे. दुकानदाराने दिलेले फोरेट हे कीटकनाशक बुंध्याशी टाकावे काय? यासाठी अनुदान मिळते काय? (एक बागायतदार, सिंधुदुर्ग)

उत्तर : फोरेट टाकू नये. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, त्यामुळे जो दुकानदार ते अजून देतो, त्याचा मुंग्यांवरील सल्लाही ऐकू नये.

प्रथम ओळख पटवावी. बुंध्याजवळचा पातेरा उचलताच चार-पाच मिलिमीटरच्या मुंग्या वेड्यावाकड्या पळत सुटल्या, त्या चावण्याऐवजी आम्ल फवारत असल्या आणि खाली एकाहून अधिक राण्या दिसल्या, तर ती 'यलो क्रेझी' मुंगी समजावी. तामिळनाडूच्या दिंडीगुल जिल्ह्यात २०२२ मध्ये हिनेच गावकरी आणि गुरे हैराण केली होती. पानांची घरटी शिवणारे हुमले (तांबड्या मुंग्या) मात्र वेगळे. ते काजूवरील ढेकण्या (टी मॉस्किटो बग ही कीड) खातात, त्यांना हात लावू नये.

फवारणीने वरवर फिरणाऱ्या कामकरी मुंग्या मरतात, राण्या वाचतात आणि वसाहत फुटून चार ठिकाणी पसरते. म्हणून संथ विषाचे आमिष हाच माझा आग्रह आहे : एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम साखर आणि १० ग्रॅम बोरिक ॲसिड. दहा म्हणजे दहाच. 'जोर यावा' म्हणून पन्नास घातले, की मुंगी वारुळात पोहोचण्यापूर्वीच मरते किंवा आमिषाला तोंडच लावत नाही, आणि असे 'जोरदार' आमिष मी कितीतरी बागांत भरलेले तसेच पडलेले पाहिले आहे. पावडर औषधाच्या दुकानातून घ्यावी, कॅरमची नको.

दोन मिलिमीटर छिद्रांच्या झाकणबंद बाटलीत कापसाच्या बोळ्यावर हे द्रावण घालून बाटली सावलीत, गुरे व मुले यांच्यापासून दूर बांधावी. छिद्रे मोठी झाली तर मोहोरावरच्या मधमाश्या आत शिरतील. आमिष दर तीन-चार दिवसांनी बदलावे आणि किमान सहा आठवडे चालू ठेवावे. पावसाच्या तोंडावर सुरू करू नये, आणि त्या काळात बुंध्याशी कोणतेही कीटकनाशक फवारू नये, कोणीही काहीही सांगो.

जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटून खोडाला पॉलिथीन गुंडाळावे व ग्रीस त्याच्यावर लावावे, सालीवर नाही. मुंग्या गोड चिकट्यासाठी पिठ्या ढेकणाची राखण करतात; हा पहारा उठला, की त्याला ढालकिडे (लेडीबर्ड भुंगे) खातात. शेजारच्या बागांनीही एकाच आठवड्यात आमिष ठेवावे, नाहीतर बांधावरून मुंग्या परततील. आणि नवी कलमे आणताना पिशवीची माती तपासावी.

अनुदानाचे म्हणाल तर फवारणी पंपासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करता येतो, परंतु या कामाला पंप लागत नाही.