वाचकांचे प्रश्न : संथ समुद्र आणि उन्हाळ्यातले वारे

प्रश्न : उत्तर अटलांटिक काही दशकं उबदार, काही दशकं थंड राहतो आणि त्यामुळे उन्हाळ्यातले वारे बदलतात, असं वाचलं. पण फरक जेमतेम ०.२ अंश सेल्सिअसचा! त्याने काय होणार? आणि हे स्वतः तपासता येईल का?

उत्तर : हा फरक विषुववृत्तापासून ६० अंश उत्तरेपर्यंतच्या अख्ख्या समुद्राच्या सरासरीतला आहे आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. समुद्राचं वरचं अडीच-तीन मीटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात त्यावरची सगळी हवा एक अंशाने तापते. तेव्हा ०.२ हा आकडा किरकोळ नाही.

मुख्य काम पाऊस करतो. उष्ण टप्प्यात उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो. ढग बनताना सुटणारी उष्णता वातावरणात लांब लाटा उठवते, आणि हजारो किलोमीटरवरचा हवेचा दाब बदलतो. अशा टप्प्यात वायव्य युरोपावर उन्हाळ्यात दाब कमी राहून पाऊस वाढण्याकडे कल असतो, तर अमेरिकेचा बराच भाग कोरडा पडतो. आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातला १९७० आणि १९८० च्या दशकांतला दुष्काळ थंड टप्प्यातला. अमेरिकेतला १९३० च्या दशकातला दुष्काळ उष्ण टप्प्यातला. मात्र त्यात प्रशांत महासागराचा आणि उघड्या पडलेल्या मातीचाही वाटा होता. सगळं खापर अटलांटिकवर फोडू नये.

आता तपासणी. समुद्रपृष्ठाच्या तापमानाची मासिक जाळीबद्ध नोंद घ्या, म्हणजे समुद्राच्या अक्षांश-रेखांशांनी पाडलेल्या प्रत्येक चौकटीचं तापमान. १८५४ पासूनची मोफत मिळते. जून ते ऑगस्ट निवडा. सरासरी काढताना प्रत्येक चौकटीला अक्षांशाच्या कोसाइनचं वजन द्या. ६० अंशांवरची चौकट विषुववृत्तावरच्या चौकटीच्या निम्मीच असते. हे विसरलात तर थंड उत्तरेला फाजील महत्त्व मिळतं.

पुढची पायरी सर्वांत जास्त फसवते. जागतिक तापमानवाढ वजा करताना सरळ रेषा वापरू नका. वाढ सरळ रेषेत झालेलीच नाही, त्यामुळे उरलेला बाकच चक्रासारखा दिसतो. त्याऐवजी ६० दक्षिण ते ६० उत्तर या जागतिक समुद्राची सरासरी वजा करा. मग ११ वर्षांची चालती सरासरी घ्या, म्हणजे प्रत्येक वर्षासाठी ते वर्ष आणि मागची-पुढची पाच-पाच वर्षं यांची सरासरी. दोन्ही टोकांची पाच-पाच वर्षं गळतील, ती अंदाजाने भरू नका. १९४० च्या दशकाकडेही संशयाने पाहा : बादलीने उपसलेलं पाणी आणि जहाजाच्या इंजिनात घेतलेलं पाणी यांच्या मोजमापात फरक पडतो, आणि युद्धकाळात पद्धतींचं प्रमाण बदललं.

शेवटी दाबाच्या नोंदींशी सहसंबंध (दोन मालिका किती जोडीने वरखाली होतात याचं माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) काढलात आणि ०.७ आला, तरी लगेच हुरळून जाऊ नका. चक्र ६०-७० वर्षांचं धरलं तर दीडशे वर्षांत ते जेमतेम दोनदाच फिरतं. तेवढीच सलगता असलेल्या, म्हणजे एका वर्षाचा आकडा आधीच्या वर्षाशी तेवढाच जुळणाऱ्या, १,००० यादृच्छिक मालिका बनवा, त्यांनाही तीच चालती सरासरी लावा आणि कितींचा सहसंबंध ०.७ च्या पुढे जातो ते मोजा. पन्नासाहून जास्त निघाल्या, तर तुमचा आकडा योगायोगही असू शकतो.