सोलरवाल्याला होकार देण्याआधी गच्चीवरची सावली मोजा

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी: बदलापूर पूर्वेला स्वतःचं रो-हाऊस, जिन्याच्या खोलीवर नैर्ऋत्य कोपऱ्यात पाण्याची टाकी, दक्षिणेला रिकामा प्लॉट. वापर महिन्याला सरासरी २६० युनिट, मे महिन्यात ४०० च्या वर. एका सोलरवाल्याने ५ किलोवॉटचं कोटेशन दिलंय. आठ फूट उंच स्ट्रक्चर (पॅनेल ज्यावर बसतात तो लोखंडी सांगाडा) घेतलं तर खाली शेडही आपोआप होईल, असं तो म्हणतोय आणि याच आठवड्यात निम्मे पैसे मागतोय. वीजबिल अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, ते आता नाहीत. आणि तुमचा प्रश्न आहे, पॅनेल कुठल्या कंपनीची घ्यावीत?

कंपनीचा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या. आमच्या घरावर २०२२ पासून ३.३ किलोवॉटची सिस्टीम आहे, साडेपाचशे वॉटची सहा पॅनेल. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या सात घरांच्या कामात मी लक्ष घातलं. पॅनेल खराब निघालं म्हणून कुणाचं नुकसान झालेलं मला दिसलं नाही. नुकसान झालं ते सावलीमुळे, गळतीमुळे आणि गरजेपेक्षा मोठी सिस्टीम घेतल्यामुळे.

सावलीपासून सुरुवात करते, कारण तिथे मी स्वतः चुकले. आमच्याकडे माणूस पाहणीला आला तो मे महिन्यात, दुपारी साडेबाराला. गच्ची लख्ख, कुठेही सावली नाही. त्याने जागा ठरवली, मीही मान डोलावली. आपल्या भागात मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तोच. त्या दिवसांत गच्चीवर सावली शोधणं म्हणजे पावसाळ्यात विहिरीला पाणी आहे का बघणं. डिसेंबर आला आणि दुपारी तीन वाजले की टाकीची सावली दोन पॅनेलवर येऊन बसायला लागली.

गणित सोपं आहे. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर येतो. म्हणजे दहा फूट उंच वस्तूची सावली तेव्हा उत्तरेला नऊ फुटांहून जास्त पडते. साडेतीनच्या सुमारास तीच सावली उंचीच्या पावणेदोन ते दोनपट होते आणि ईशान्येकडे सरकते. तुमची जिन्याची खोली आणि वरची टाकी मिळून गच्चीपासून तेरा फूट धरली, तर सावली तेवीस-चोवीस फूट लांब. वास्तुशास्त्रामुळे आपल्याकडे बहुतेकांच्या टाक्या नैर्ऋत्येलाच असतात आणि हिवाळ्यातल्या दुपारी पॅनेलसाठी नेमकी तीच बाजू सगळ्यात त्रासाची. टाकी हलवा असं मी म्हणणार नाही. पण पॅनेलची जागा टाकीच्या ईशान्येला नको, शक्यतो पूर्वेच्या कठड्याकडे सरकवा. खडूने गच्चीवर रेषा मारून सोलरवाल्याला दाखवा. संक्रांतीला मुलं पतंग उडवायला वर गेली असतील तेव्हाचे मोबाइलमधले फोटो असतील तर तेही काढून बघा, त्यात सावल्या स्पष्ट दिसतात.

एवढं का सांगते, तर पॅनेल एकामागोमाग एक जोडलेली असतात. एका पॅनेलचा कोपरा झाकला गेला तर नुकसान त्या कोपऱ्यापुरतं राहत नाही. पॅनेलमध्ये बायपास डायोड असतात, ते झाकलेला भाग वगळून पुढे वीज जाऊ देतात, पण तेवढ्या वेळात त्या पॅनेलची तिसरा हिस्सा किंवा जास्त वीज जाते आणि रांगेतल्या बाकीच्यांच्या कामावरही परिणाम होतो. दक्षिणेच्या रिकाम्या प्लॉटवर उद्या सात मजली इमारत उभी राहू शकते. बदलापूर कसं वाढतंय ते तुम्ही बघताच आहात. म्हणून त्या बाजूच्या कठड्याला चिकटून पॅनेल लावू नका आणि दोन स्वतंत्र एमपीपीटी (पॅनेलच्या रांगेतून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा भाग) असलेला इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र) मागा, म्हणजे सावलीतली रांग वेगळी ठेवता येईल. थोडे पैसे जास्त गेले तरी दर पॅनेलला स्वतःचा छोटा मायक्रो-इन्व्हर्टर हाही चांगला मार्ग आहे.

आता ५ किलोवॉट. हे तुम्हाला नको. आपल्याकडे वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतं. आमची ३.३ ची सिस्टीम एप्रिलमध्ये ४३० च्या आसपास युनिट देते आणि जुलैत २०० वर येते. तुमचा वर्षाचा वापर ३,१०० युनिट. ३ किलोवॉट वर्षाला चार हजारांच्या घरात देईल, ५ किलोवॉट सहा हजारांच्या वर. ही जास्तीची वीज महावितरणच्या लाइनवर जाते, नेट मीटरमध्ये जमा होते आणि पुढच्या महिन्यांत वळती होते. पण ३१ मार्चला हिशेब बंद होतो. तेव्हा शिल्लक राहिलेल्या युनिटला जो दर मिळतो तो आपण वीज घेतो त्या दराच्या जवळपासही नसतो. शिवाय बिलातले पहिले १०० युनिट स्वस्त असतात, त्यापुढचे महाग. पहिले दोन किलोवॉट तुमचे महाग युनिट आणि बरेचसे स्वस्तातलेही खाऊन टाकतात, तिसरा उरलेसुरले खातो, आणि चौथा-पाचवा जवळजवळ फुकट राबतो.

सबसिडीही तेच सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात. ७८,००० वर ती थांबते, ५ किलोवॉट लावलं तरी तेवढेच. पुढच्या दोन वर्षांत एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं पक्कं असेल तर ३ घ्या, नाहीतर २ सुद्धा पुरेल. स्थिर आकार कुठल्याही आकाराच्या सिस्टीमवर बिलात राहतोच, त्यामुळे "बिल शून्य" या शब्दावर जाऊ नका.

स्ट्रक्चरबद्दल. उंच स्ट्रक्चरचा एक खरा फायदा आहे: जिन्याच्या खोलीची सावली टळते. पण शेड म्हणून त्याकडे बघू नका. दोन पॅनेलमध्ये फट असते, तिथून पाऊस सरळ खाली येतो, आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. सिलिकॉनने फटी बुजवून देतो असं म्हणतात. दोन उन्हाळ्यांत ते सुटतं, आणि पॅनेलखालून वारा खेळला नाही तर ती जास्त तापतात आणि वीज कमी देतात. उंचावर वारा पॅनेलला खालून उचलायला बघतो. निसर्ग चक्रीवादळ जून २०२० मध्ये अलिबागला आलं तेव्हा रायगडात पत्रे कसे उडाले ते आठवा. साडेपाचशे वॉटचं एक पॅनेल अडीच चौरस मीटरचं असतं. आठ फुटांवर अशी सहा पॅनेल म्हणजे शिडाची नावच. तेवढ्या उंचीवर जायचंच असेल तर पाय, तिरके आधार, पाइपची जाडी आणि किती वेगाचा वारा सोसेल हे लेखी घ्या. गॅल्वनाइज्ड पाइप जागेवर कापून वेल्डिंग केलं की तिथला जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच धरतो. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे हवेत.

आणि गच्चीला भोकं पाडू देऊ नका. आमच्याकडे पहिल्या माणसाने ब्रिकबॅट कोब्यातून (पाणी झिरपू नये म्हणून घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थरातून) थेट स्लॅबमध्ये ड्रिल मारलं. पुढच्या जूनमध्ये बेडरूमच्या छताला ओल आली. दुरुस्तीला बोलावलं तर आज येतो, उद्या येतो करत पावसाळा गेला. शेवटी दुसऱ्या कारागिराकडून पाय काढून, कोबा नीट करून, वर काँक्रीटचे ठोकळे ओतून घेतले. त्या दिवसांत मुलाच्या अंथरुणावर बादली ठेवून झोपलो आहोत. ते आठवलं की अजून राग येतो. तुमची गच्ची आधीच कुठे झिरपत असेल तर सोलरच्या आधी वॉटरप्रूफिंग करा. एकदा स्ट्रक्चर उभं राहिलं की खालचं काम करणं फार कठीण होतं.

इन्व्हर्टर तळमजल्यावर मीटरच्या शेजारी लावायचं तो सुचवेल, कारण केबल कमी लागते. तुम्ही उल्हास नदीपासून किती लांब आहात माहीत नाही, पण २००५ आणि २०१९ च्या जुलैत इथे किती पाणी चढलं होतं हे शेजाऱ्यांना विचारा आणि त्याच्या वर लावून घ्या. सावलीत, हवेशीर जागी, जिन्यात उत्तम. अर्थिंग तीन वेगवेगळी: डीसीचं (पॅनेलच्या बाजूचं), एसीचं (घराच्या बाजूचं) आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचं. यात एकही वाचवू देऊ नका. पॅनेलच्या केबलचे कनेक्टर एकाच बनावटीचे हवेत, दोन बनावटींचे जोडले की तापतात.

बदलापुरात लाइट जाते तेव्हा सोलर चालेल असं तुम्ही धरून चाललेले दिसताय. साधी ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेली बॅटरीशिवायची सिस्टीम लाइट गेली की बंद होते, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. घरात जुना इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर तो आहे तसा चालू ठेवा. बॅटरीसकट हायब्रीड बरंच महाग पडतं, दोन-तीन तासांच्या खंडासाठी मी ते घेणार नाही.

सफाई पंधरा दिवसांनी, सकाळी ऊन चढण्याआधी. बोअरचं पाणी असेल तर पांढरे डाग धरतात, शेवटचा हात गोड्या पाण्याचा फिरवा. आजूबाजूला बांधकाम चालू असेल तर आठवड्याला एकदा. कबुतरं पॅनेलखाली घरटी करतात, बाजूने जाळी लावून घ्या.

कंपनीबद्दल एवढंच: सबसिडीसाठी भारतात बनलेल्या सेलची पॅनेल लागतात, ज्याला डीसीआर म्हणतात. बिलावर ते लिहून घ्या. बसवणारा सूर्यघर पोर्टलवर नोंदणी असलेला हवा. सबसिडी तुमच्या खात्यात जमा होते, त्यामुळे "ती वजा करून सांगतोय" असा हिशेब मान्य करू नका. अर्धे पैसे आगाऊ नकोत, आणि शेवटचे दहा-पंधरा टक्के नेट मीटर लागून आकडा फिरायला लागेपर्यंत हातात ठेवा.

या आठवड्यात पैसे न देता एकच काम करा: बिलावरचं नाव बदलून घ्या. पोर्टलवरचा अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो. बिल सासऱ्यांच्या नावावर आणि बँक खातं तुमच्या, असं राहिलं तर सगळं बसवून झाल्यावर सबसिडी अडकते. आमच्या गल्लीत एका घरी तसंच झालं. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि घराचे कागद घेऊन महावितरणच्या उपविभागात जा. नाव बदलेपर्यंत गच्चीचा एक फोटो ईशान्येच्या कोपऱ्यातून टाकीकडे तोंड करून काढा आणि बिलावरचा मागच्या बारा महिन्यांचा वापर इथे लिहा. पॅनेल कुठे बसतील ते मी आकृती काढून देते.