ब्रिटनमधल्या विद्यापीठात वर्क व्हिसावर शिकवतो. संप करायचा का, यावर युनियनची मतपत्रिका आली आहे. मत द्यावं, की परक्या देशात गप्प राहिलेलं बरं?

मत द्या. 'हो'वर खूण करा किंवा 'नाही'वर, पण पाकीट परत पाठवा. मीही याच व्हिसावर आलो. त्याआधी महाराष्ट्रात पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, म्हणून 'उगाच नजरेत कशाला यायचं' ही तुमची धास्ती मला चांगली कळते.

आधी व्हिसाचं बघू. स्किल्ड वर्कर व्हिसावर वर्षात चार आठवड्यांहून जास्त बिनपगारी गैरहजेरी झाली, तर विद्यापीठाला स्पॉन्सरशिप, म्हणजे ज्यावर आपला व्हिसा टिकतो ती नोकरी देणाऱ्याची हमी, थांबवावी लागते. 2018 मध्ये पेन्शनवरून मोठा संप झाला, तेव्हा परदेशी प्राध्यापक याच नियमाला घाबरले होते. पुढे होम ऑफिसनं, म्हणजे इथल्या गृहखात्यानं, नियम बदलला, आणि कायदेशीर संपाचे दिवस आता त्या चार आठवड्यांत धरत नाहीत. मतपत्रिकाही तुमच्या विभागप्रमुखाकडे जात नाही, ती मोजणीसाठी त्रयस्थ संस्थेकडे जाते. संपाच्या दिवसाचा पगार मात्र कापतात, तेव्हा तो हिशेब घरी आधीच करून ठेवा. 2023 मध्ये पेपर तपासणीवर बहिष्कार होता, तेव्हा काही विद्यापीठांनी अर्धा, तर काहींनी सगळा पगार कापला होता.

आता 'गप्प राहण्या'बद्दल. 2016 च्या कायद्यानं अट घातली की निम्म्या सभासदांनी तरी मत दिलं पाहिजे, नाहीतर निकाल काहीही लागो, संप करता येत नाही. शंभर सभासदांपैकी 49 जणांनी मत दिलं आणि सगळ्यांनी 'हो' म्हटलं, तरी ते फुकट जातं. 50 जणांनी दिलं आणि 26 'हो' निघाले, तर संप कायदेशीर ठरतो. म्हणजे पाकीट टेबलावर पडू देणं हेही एक मतच आहे, आणि ते 'नाही'पेक्षा जड पडू शकतं. 2022 च्या शरद ऋतूत आमच्या युनियननं, युसीयूनं, देशभरात एकत्र मतदान घेतलं. तेव्हा जवळपास 58 टक्के लोकांनी मत दिलं आणि 150 विद्यापीठांत संपाची वाट मोकळी झाली. वर्षभरानं हेच प्रमाण 43 टक्क्यांच्या आसपास आलं. ज्यांनी मत दिलं त्यांच्यातले बहुतेक 'हो' म्हणाले होते, तरी सगळं तिथंच थांबलं. त्या वेळी माझं मत नव्हतं. मी घर बदललं होतं, युनियनला नवा पत्ता कळवला नव्हता आणि पाकीट जुन्या पत्त्यावर गेलं. दुसरी मतपत्रिका मागवता येते, पण मी मागवली नाही. ते मला आजही टोचतं.

मतपत्रिकेवर दोन प्रश्न असतात. एक संपाचा. दुसरा, संप न करता करायच्या कारवाईचा, म्हणजे करारात आहे तेवढंच काम करायचं. कामाच्या बोज्याचा प्रश्न असेल तर हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पूर्वी पॉलिटेक्निक असलेल्या विद्यापीठांच्या करारात शिकवण्याची मर्यादा आठवड्याला 18 आणि वर्षाला 550 तास अशी लिहिलेली असते. पण तपासणी आणि तयारीचे तास कागदावर किती धरायचे, हे व्यवस्थापन ठरवतं. आमच्याकडे एका निबंधाला अर्धा तास धरतात. नीट वाचून, मुलाला उपयोगी पडेल असा शेरा लिहायला मला पाऊण तास लागतो. 120 निबंध म्हणजे जादाचे 30 तास कामाच्या तासांच्या कुठल्याच तक्त्यात नाहीत, ते रविवारी होतात. शेजारच्या खोलीतले दोघं स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले, त्यांचे विषय आमच्यात वाटले, पण तक्ता तोच राहिला.

नोकरीच्या शाश्वतीचा प्रश्न तर इथल्या गोऱ्या सहकाऱ्यापेक्षा तुमच्या-माझ्यासाठी जास्त जवळचा आहे. त्याची नोकरी गेली तर तो दुसरी शोधतो. आपली गेली, तर होम ऑफिस सहसा 60 दिवस देतं. तेवढ्यात नवा स्पॉन्सर मिळाला नाही तर मुलाची शाळा, घराचा करार, सगळं आवरून निघायचं. दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर नोकरकपातीची कायदेशीर भरपाईही नाही.

आणि ही कपात आपल्या कामात खोट होती म्हणून आलेली नाही. इंग्लंडमधल्या मुलांची फी 2017 पासून 9,250 पौंडांवर अडकली होती, खर्च वाढत गेला. ती तूट परदेशी विद्यार्थ्यांच्या फीतून भरून काढत होते, त्यात आपल्याकडची मुलंही बरीच. जानेवारी 2024 पासून मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत आणायला बंदी आली, परदेशी मुलं कमी झाली आणि अंदाजपत्रकं कोसळली. ज्यांनी पुण्या-नाशिकच्या पालकांच्या कर्जावर नव्या इमारती उभ्या केल्या, ते आता शिकवणारे कमी करताहेत. मला याचा राग येतो.

'नाही' म्हणायचं असेल तर विचार करून 'नाही' म्हणा, तो तुमचा हक्क आहे. सभासद नसाल तर आधी व्हा, त्याशिवाय मतपत्रिका मिळत नाही. पाकिटाला तिकीट लागत नाही. शेवटच्या तारखेला ते पोचलेलं असावं लागतं, नुसतं पेटीत टाकलेलं चालत नाही, म्हणून आठवडाभर आधीच टाका.