जीमॅट या एमबीए प्रवेश परीक्षेच्या क्रिटिकल रीझनिंगमध्ये (युक्तिवाद तपासणाऱ्या प्रश्नांत) इन्फरन्सचे, म्हणजे उताऱ्यावरून निष्कर्ष काढण्याचे, प्रश्न कसे सोडवावेत? शेवटी दोन पर्याय उरतात आणि नेमका चुकीचा निवडला जातो.

दोन पर्याय उरतात, कारण आपण 'पटण्यासारखं' उत्तर शोधतो. इथे हवं असतं ते दिलेली माहिती खरी धरली तर खरं असलंच पाहिजे असं विधान. 'बहुधा', 'शक्य आहे' इथे चालत नाही.

समजा उताऱ्यात आहे: एका कंपनीच्या एकूण विक्रीत ऑनलाइनचा वाटा ३० वरून ४० टक्क्यांवर गेला, पण एकूण विक्री घटली. पर्याय एक: ऑनलाइन विक्री वाढली. पर्याय दोन: ऑनलाइन सोडून बाकीची विक्री घटली. पहिला लगेच पटतो ना? आता आकडे घाला. एकूण विक्री १०० वरून ७० वर आली तर ऑनलाइन ३० वरून २८ झाली, म्हणजे घटलीच! दुसरा मात्र मोडतच नाही: वाटाही कमी, एकूणही कमी.

तेव्हा प्रत्येक पर्याय मोडायचा प्रयत्न करा. उताऱ्याला धक्का न लावता तो खोटा ठरवता आला, की बाद करा. 'सर्व', 'फक्त', 'कधीच नाही' असे शब्द दिसले तर जास्त कसून तपासा. आणि बाहेरचं ज्ञान कितीही खरं असलं तरी ते इथे आणू नका. बरोबर उत्तर पुष्कळदा अगदी साधं, मिळमिळीत वाटतं; म्हणून ते सोडू नका.