मुलाची खेळणी त्याच्या नकळत देऊ नका

एका आईनं विचारलंय: "मुलगा नऊ वर्षांचा झाला. लहानपणीच्या खेळण्यांची चार खोकी पडून आहेत. टाकवत नाहीत. भारतात भाचरांसाठी न्यावीत का? त्याला विचारलं तर एकही देऊ देत नाही. मग तो शाळेत गेला की देऊन टाकू?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. असं करू नका. मी केलं होतं. लेकीनं वर्षभर हात न लावलेली लाकडी आगगाडी, रुळांसकट, ती शाळेत असताना मी देऊन टाकली. संध्याकाळी ती कपाटापाशी गेली, रिकामा कप्पा बघून काहीच बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून कापडी अस्वल दप्तरात कोंबून शाळेत न्यायला लागली. घरी ठेवलं तर तेही जाईल, या भीतीनं. ते अस्वल पुन्हा पलंगावर यायला दोन महिने लागले, आणि आगगाडीसाठी मला अजून वाईट वाटतं.

आपल्या मुलांची घरं, शाळा, कधी कधी देशसुद्धा बदलतात. मित्र मागे राहतात, आजी-आजोबा फोनवर भेटतात. अशा वेळी एखादं खेळणंच काय ते आधीच्या घरातून सोबत आलेलं असतं. म्हणून "हे टाकूया का?" असं विचारू नका. "हे कुणाला आवडेल?" असं विचारा, आणि शक्य असेल तर एखादं खरं मूल नजरेसमोर ठेवून विचारा. शेजारची तीन वर्षांची मुलगी आठवली की नऊ वर्षांचा मुलगा एकदम मोठा होतो. एक खोकं त्याचं स्वतःचं ठेवा. त्यात काय राहील ते तोच ठरवेल, तुम्ही मोडता घालायचा नाही. ज्यांचा निर्णय होत नाही ती खेळणी बांधून तीन महिने बाजूला ठेवा आणि मग पुन्हा विचारा. बहुतेक वेळा दुसऱ्यांदा हात सैल सुटतो.

देताना खेळणं पूर्ण आणि चालू असावं. जिगसॉचे तुकडे खरंच जुळवून बघा. एक हरवला असेल तर खोक्यावर तसं लिहा किंवा ते देऊच नका. "गरजूंना चालेल" हा विचार मनातून काढून टाका. आपल्या मुलाला वाढदिवसाला जे दिलं नसतं ते दुसऱ्याच्या मुलालाही देऊ नये. लेगोच्या विटांची मात्र काळजी नको. 1958 पासूनच्या विटा आजच्या विटांत बसतात, त्यामुळे अर्धामुर्धा संचही कामाचा. कापडी खेळणी 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतली की धुळीतले सूक्ष्म कीटक मरतात. तेवढं गरम पाणी सोसत नसेल तर पिशवीत घालून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग साध्या पाण्यात धुवा.

आता सुरक्षिततेचं, कारण इथे चूक परवडत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाकडे खेळणं जाणार असेल तर टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून सुटे भाग टाकून बघा. जो आरपार जातो तो घशात अडकू शकतो. बटन बॅटरीचं झाकण स्क्रूनं घट्ट बसलेलं हवं. गिळलेली बॅटरी दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. छोटे शक्तिशाली लोहचुंबक कुणालाच देऊ नका. एकाहून जास्त गिळले गेले तर ते आतड्यांच्या भिंतींतून एकमेकांना खेचतात. आणि आपल्या लहानपणीची, आजीनं जपून ठेवलेली रंगीत खेळणी शोभेला ठेवा, तोंडात घालणाऱ्या बाळाला देऊ नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ते बाळाच्या मेंदूला घातक असतं. कंपनीनं धोक्यामुळे परत मागवलेलं मॉडेल तर नाही ना, हेही तपासा. अमेरिकेत सीपीएससी या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाच्या, युरोपीय संघात 'सेफ्टी गेट' या धोकादायक वस्तूंच्या यादीत ते शोधता येतं. अमेरिकेत असं खेळणं जुनं म्हणून विकणंही बेकायदेशीर आहे.

द्यायचं कुठे? सगळ्यात चांगलं, ओळखीच्या लहान मुलाला. नाहीतर पाळणाघर, निवारा केंद्र, पण आधी फोन करून काय हवंय ते विचारून. रुग्णालयं संसर्गाच्या भीतीनं वापरलेली कापडी खेळणी सहसा घेत नाहीत, तिथे खोकं घेऊन गेलात तर हिरमोड होईल. मला खेळण्यांची लायब्ररी फार आवडते. 1935 मध्ये, मंदीच्या काळात, लॉस एंजेलिसमध्ये मुलांना खेळणी उसनी द्यायला सुरुवात झाली. आज अनेक देशांत अशा लायब्ऱ्या आहेत, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तर भरपूर. एक खेळणं कितीतरी घरं फिरून येतं. 2013 मध्ये अमेरिकेत सुरू झालेले, शेजाऱ्यांना वस्तू फुकट देण्याचे 'बाय नथिंग'चे गट आता इतर देशांतही आहेत. तिथे शेजारीच येऊन वस्तू घेऊन जातात.

मराठी अक्षरांचे ठोकळे, बडबडगीतांची पुस्तकं, भातुकली मात्र मराठी घरातच जाऊ द्या. परदेशात ती सहज मिळत नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला त्यांचा उपयोग नाही. महाराष्ट्र मंडळात किंवा मराठी शाळेत एक टेबल मांडायला सांगा. मुलानं स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लिहिली तर अजून छान: कुठलं चाक जरा दाबून बसवायचं, कुठला ठोकळा 'ळ'चा म्हणून जपायचा.

राहिली भाचरं. बहिणीला आधी फोटो पाठवा आणि मोकळेपणानं नाही म्हणू द्या. तिच्याही घरात जागेची अडचण असेल, आणि परदेशातून आलेली वस्तू म्हटलं की नको म्हणणं तिला जड जातं. ती हो म्हणाली तर दोन-तीन निवडक खेळणी न्या. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत, त्या हातातल्या सामानात ठेवाव्या लागतात.