कोंबडीचं अंडं अडलं असेल तर घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षाची कोंबडी परवापासून अंडं देत नाहीये. शेपूट खाली पाडून कोपऱ्यात उभी राहते, अंड्याच्या खोक्यात जाते, बसते आणि काही न घालताच बाहेर येते. गेल्या आठवड्यात तिनं बिनकवचाचं मऊ अंडं घातलं होतं. कोंबड्यांमधलं कळणारा डॉक्टर जवळ नाही, आणि कुणीतरी सांगितलंय की तेल लावून बोटानं अंडं ओढून काढा.

ओढून काढायचं मात्र करू नका. अंडं आतच फुटलं तर कवचाच्या धारदार कडांनी अंडनलिका चिरते, तिथे जंतुसंसर्ग होतो, आणि एरवी वाचली असती ती कोंबडी हातची जाते. मी बरीच वर्षं कोंबड्या पाळते. अंडं अडलेली कोंबडी वेळेत लक्षात आली तर पुष्कळदा ऊब, पाणी, कॅल्शियम आणि शांतता एवढ्यावर मोकळी होते. आपला हात जितका कमी लागेल तितकं तिच्यासाठी बरं.

पण आधी अंडं खरंच अडलंय का ते बघा. अंडी बंद होणं हा काही दर वेळी आजार नसतो. पिसं गळत असतील, दिवस लहान झाले असतील किंवा कोंबडी खुडूक झाली असेल, म्हणजे अंडी उबवायला बसली असेल, तरी अंडी थांबतात. खुडूक कोंबडी खोक्यात पसरून बसते, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते, टोचते. तिचे डोळे तरतरीत असतात. अंडं अडलेलीच्या अंगात त्राण नसतं. ती पाय फाकवून ताठ उभी राहते, डोळे अर्धवट मिटते, दाण्याकडे बघत नाही. जरा वेळ शेजारी बसून राहिलात तर शेपटीखालचा भाग मधूनमधून आतबाहेर होताना दिसेल. ती कुंथत असते. शीट होत नाही, किंवा नुसतं पांढरं पाणी पडतं. काही जणी लंगडायलाही लागतात, कारण आतलं अंडं पायाच्या नसांवर दाबतं. लंगडणं दिसलं की प्रकरण पुढे गेलंय असं समजा.

आता हातानं बघा. कोंबडी काखेत धरा, तिचं तोंड तुमच्या पाठीकडे असू द्या. छातीचं मधलं हाड जिथे संपतं तिथपासून शेपटीपर्यंतच्या मऊ भागाखाली तळवा ठेवा आणि बोटं अलगद फिरवा, दाबू नका. कोंबडीची डावी अंडनलिकाच कामाची असते, उजवी पिल्लू अंड्यात वाढत असतानाच खुंटते, त्यामुळे अंडं असलं तर ते जरा डावीकडे, कडक गोळ्यासारखं हाताला लागतं. लागलं तर निदान झालंच. नाही लागलं तरी तुमच्या कोंबडीच्या बाबतीत निर्धास्त होऊ नका. तिनं मऊ अंडं घातलेलं आहे. बिनकवचाचं अंडं बाहेरून हाताला लागत नाही, आणि अडतं मात्र जास्त. स्नायूंना ढकलायला काही कडक मिळत नाही, ते नुसतं दबून पसरतं.

आता मुख्य उपचार. एका टबात पोटापर्यंत येईल एवढं कोमट पाणी घ्या, साधारण ३८ ते ४० अंश सेल्सिअस. कोंबडीचं स्वतःचं तापमान ४१च्या आसपास असतं, त्यामुळे आपल्या मनगटाला छान ऊबदार वाटणारं पाणी तिला बरोबर होतं. त्यात तिला १५ ते २० मिनिटं बसवायचं. गार व्हायला लागलं की तिला बाजूला करून गरम पाण्याची भर घाला. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट, खाण्याचं मीठ नव्हे) टाकलं तरी चालेल, पण खरं काम उबेचं आहे, मिठासाठी अडून बसू नका. टाकलंत तर ते पाणी तिला पिऊ देऊ नका.

कोंबडी पाण्याला घाबरेल असं वाटतं, पण आजारी कोंबडी बहुधा घाबरत नाही. सुरुवातीला पंख झटकते, दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून ठेवले की मिनिटाभरात मान सैल सोडते. पोटाखालची पिसं पाण्यात उलगडतात, डोळ्यांवर खालून पातळ पापणी चढायला लागते, आणि इतका वेळ ताठलेली शेपूट हळूहळू सैल पडते. शेपूट सैल पडली की आतले स्नायूही सैल पडताहेत असं मी धरते. काही वेळा अंडं टबातच पडतं. बहुतेक वेळा नाही पडत, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बाहेर काढल्यावर टॉवेलनं टिपा आणि हेअर ड्रायर मंद ठेवून पोटाकडची पिसं पूर्ण कोरडी करा. ओली कोंबडी गारठली तर शेकाचा सगळा फायदा गेला. मग गुदद्वाराच्या कडेला व्हॅसलीन किंवा साधं खाद्यतेल हलकेच लावा. हातमोजा घालून बोटाचं टोक कडेच्या आत जेमतेम फिरवलं तरी पुरे. त्याहून खोल जायचं नाही.

आणि कॅल्शियम. याला मी उबेइतकंच महत्त्व देते. कॅल्शियम फक्त कवचासाठी लागतं असं लोकांना वाटतं. अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही आकुंचन पावायला कॅल्शियमच लागतं. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि खाण्यातून पुरलं नाही की कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. तो साठा संपत आला की आधी कवच पातळ होतं, मग नाहीसं होतं, मग स्नायू थकतात. गेल्या आठवड्यातलं मऊ अंडं ही बहुधा त्याचीच सूचना होती. माणसांसाठीची कॅल्शियम आणि डी३ असलेली साधी गोळी, ५०० ते ६०० मिलिग्रॅम कॅल्शियमची, दिवसातून एकदा द्या, तीन-चार दिवस. तुकडे करून चोचीत मागच्या बाजूला ठेवले की कोंबडी गिळते. पातळ औषध चोच उघडून ओतू नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं, औषध फुप्फुसात जातं. द्यायचंच तर चोचीच्या कडेला एकेक थेंब ठेवा, ती आपणहून चाटून घेईल.

मग तिला बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळं, अंधाऱ्या आणि उबदार जागी ठेवा. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त उकडलं तर तिला सरकायला जागा राहील. प्यायचं पाणी तोंडाजवळ असू द्या. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघायचा मोह होतो, पण तो आवरा. ताणाखाली कोंबडी अंडं धरून ठेवते. एक-दोन तासांनी बघा, काही नसेल तर पुन्हा शेक द्या. दिवसात असे दोन-तीन शेक चालतात.

किती वेळ वाट बघायची? लक्षणं दिसल्यापासून २४ तासांत अंडं बाहेर आलं नाही तर डॉक्टर लागणारच, आणि तुमच्याकडे त्यातला बराच वेळ आधीच गेलेला आहे. म्हणून शेक आणि डॉक्टरांचा शोध आजच एकदम सुरू करा. चोच उघडी टाकून धापा टाकत असेल, उभी राहू शकत नसेल, तुरा निळसर पडला असेल, मागून रक्त किंवा कवचाचे तुकडे येत असतील, तर घरी एक तासही घालवू नका. खास पक्ष्यांचाच डॉक्टर हवा असं नाही. गुराढोरांचे, कुत्र्यामांजरांचे पशुवैद्यही कॅल्शियमचं इंजेक्शन देऊ शकतात, गरजेप्रमाणे ऑक्सिटोसिन (स्नायूंना आकुंचन पावायला लावणारं संप्रेरक) देऊ शकतात, आणि अगदीच अडलं तर सुईनं अंड्यातला द्रव ओढून घेऊन कवच आत दबवून काढतात. हे शेवटचं तुम्ही व्हिडिओ बघून करू नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही मनानं देऊ नका.

पोटाला हात लावल्यावर कडक गोळा न लागता पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखं लागलं, तर गोष्ट वेगळी आहे. कधीकधी बलक अंडनलिकेत न शिरता थेट पोटात पडतो, तिथे जंतू वाढतात आणि पोटात पाणी साठतं. अशी कोंबडी सरळ उभी, डुलत चालते. पोट मोठं दिसतं, पण छातीचं हाड चाचपलं तर धारेसारखं वर आलेलं लागतं, म्हणजे अंगावर मांस उरलेलं नसतं. शेकानं तिला तात्पुरता आराम पडेल, पण ती बरी होणार नाही. प्रतिजैविक लागतं, पाणी काढावं लागतं, आणि स्पष्टच सांगते, हे पुन्हा पुन्हा उलटतं. पक्ष्यांच्या काही डॉक्टरांकडे डेस्लोरेलिन नावाचं संप्रेरकाचं इम्प्लांट असतं, त्यानं काही महिने अंडी बंद राहतात. आजार फार पुढे गेला असेल आणि कोंबडी खाणंपिणं सोडून बसली असेल, तर तिला वेदनेशिवाय जाऊ देण्याविषयी डॉक्टरांशी बोलायलाही कचरू नका. रानातली लाल कोंबडी, जिच्यापासून आपल्या सगळ्या कोंबड्या आल्या, वर्षाला साधारण १० ते १५ अंडी घालते. आजची लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळली जाणारी, जात ३००च्या आसपास घालते. या आजारांचं मूळ बरंचसं तिथे आहे, तुमच्या सांभाळण्यात नाही.

कुंथून कुंथून अंग बाहेर येणं हा धोका आत्ता तुमच्या कोंबडीला आहे, म्हणून तेही सांगून ठेवते. अंडं घालताना अंडनलिकेचा शेवटचा भाग क्षणभर बाहेर येतो आणि आत जातो. ते नेहमीचंच आहे, त्यामुळेच अंड्याला शीट लागत नाही. तो लाल, ओला भाग बाहेरच राहिला तर मात्र कोंबडीला त्याच क्षणी वेगळी करा. बाकीच्या कोंबड्या लाल दिसलं की टोचतात, आणि टोचता टोचता आतडी बाहेर काढतात, इतकं ते भयंकर असतं. कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा, वरून घट्ट साखरेचा पाक किंवा मध लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, सूज ओसरते. मग व्हॅसलीन लावलेल्या हातमोज्याच्या बोटानं अलगद आत सरकवा. आत अंडं असेल तर आधी ते बाहेर यायला हवं. पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल तर डॉक्टर टाका घालतात.

अंडं बाहेर आलं तरी तिला लगेच खुराड्यात सोडू नका. दोन-तीन दिवस वेगळी ठेवा आणि दिवसाचा उजेड आठ तासांपर्यंत कमी करा. अंडी घालण्याची कळ उजेडानं फिरते. १४ तासांच्या वर उजेड मिळाला की शरीर अंडी तयार करत राहतं, आणि तुम्हाला तर आठ-पंधरा दिवस तिची अंडी बंदच हवी आहेत. खुराड्यात रात्री दिवा लावत असाल तर तो बंद करा.

खाण्याचंही एकदा बघा. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साधारण साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं. लेयर खाद्य देत असलात तरी वरून भरपूर दाणे, भात, पोळीचे तुकडे पडत असतील तर ते प्रमाण निम्म्यावर येतं, शिवाय कोंबडी लठ्ठ होते आणि पोटातली चरबी अंड्याची वाट अडवते. वरचं खाणं दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, खाद्यात मिसळू नका. जिला लागेल ती खाईल. जाडसरच हवा, कारण कवच मुख्यतः रात्री तयार होतं आणि जाड कण पोटात रात्रभर हळूहळू विरघळत राहतात. पिल्लांना आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना मात्र लेयर खाद्य घालू नका, जास्तीच्या कॅल्शियमनं त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

अडलेलं अंडं एकीचं दुसरीला लागत नाही. पण आणखी एखादी सुस्त दिसली, शिंका, सुजलेलं तोंड, वाकडी मान किंवा अचानक मरतूक दिसली, तर ते मानमोडी (राणीखेत) किंवा बर्ड फ्लूसारखं काही असू शकतं. मग कोंबड्यांची ने-आण थांबवून लगेच पशुवैद्यकीय खात्याला कळवा. एरवीही आजारी कोंबडी हाताळल्यावर साबणानं हात धुवा, आणि प्रतिजैविक सुरू झालं तर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नका.

डॉक्टरांना फोन कराल तेव्हा एवढं हाताशी ठेवा: तिचं वय, शेवटचं नीट कवचाचं अंडं कधी दिलं, शेवटची शीट कधी आणि कशी झाली, पोट कडक लागतंय की पाण्यासारखं, आणि सकाळी उठल्यावर गळ्याखालची अन्नाची पिशवी रिकामी होती की भरलेली. सकाळी ती रिकामी हवी. भरलेली आणि घट्ट असेल तर अन्न पुढे सरकत नाहीये, आणि उपचार बदलू शकतो. आज रात्री पहिला शेक झाल्यावर काय दिसलं ते इथे लिहा, मी बघते.